संत्र्याचा लाइव्ह भाव

शेंदूरजनाघाट,
रविवार, ता. २७ नोव्हेंबर २०११, दुपारचे ३ वाजून १० मिनिटे. (वीज गेलेली आहे. कॉम्प्युटरवर चादर घातली आहे आणि मी फुफांच्या अडतीत एका उलट्या पेटीवर बसून दुसऱ्या पेटीवर कागद ठेवून लिहितो आहे. पेटीला फटी आहेत, त्यामुळे काही अक्षरांना भोक पडले तर ते अक्षर मनाने भरून घ्यावे.)

प्रिय मित्र केदार यास शाकीबचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

इकडे सर्वांची तब्येत ठीक, फक्त माझी सोडून, आणि मलाही ताप वगैरे काही नाही, नुसती झोप येत नाही. काकूंच्या गुडघ्याला पुण्याची हवा मानवली का? त्यांना म्हणावे, जिने टाळा. (हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, फुफीचा, म्हणजे आत्याचा, गुडघा रोज पाहतो म्हणून सांगतो.) इशिताचे बारावीचे वर्ष आहे, तिला आशीर्वाद. मी बीसीए दुसऱ्या वर्षात सोडले, तेव्हा माझा आशीर्वाद कितपत लागू पडेल हे तिनेच ठरवावे. तुला ई-मेल न करता पत्र लिहितो याचे नवल वाटेल. ई-मेल फुफांच्या कॉम्प्युटरवरून जातो आणि त्याचा पासवर्ड फुफांनी माझ्याकडूनच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहवून घेतला आहे, विसरू नये म्हणून. आता तो हमालांनाही पाठ आहे.

विषय असा की, मला एका वेबसाइटसाठी तंत्रज्ञान निवडायचे आहे. म्हणजे सर्व्हरवर कोणती भाषा, डेटा कशात ठेवायचा आणि आकडे पडद्यावर आपोआप कसे बदलायचे, असा तिन्ही मिळून एक संच. तू पुण्यात हेच काम करतोस, म्हणून तुझे मत पाहिजे. पण मत देण्याआधी प्रकरण समजून घे, नाहीतर तूही हरिहर सरांसारखे सांगशील.

माझे फुफा मुनव्वर सेठ इथल्या संत्रा व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आहेत, हे तुला माहीत आहे. दिवाळीत मी फुफीकडे आलो तो मंडळाचे नवे लेटरहेड करून देण्यापुरता. त्यात एकही चूक निघाली नाही, या एवढ्याच गोष्टीवरून फुफांनी ठरवले की मी कॉम्प्युटरमधले सर्व काही करू शकतो. त्यांना पाहिजे होता लाइव्ह रिपोर्ट. म्हणजे बाजारात ढिगाचा भाव ठरला की तो त्याच क्षणी वेबसाइटवर यावा, दिल्ली-कलकत्त्याच्या गिऱ्हाइकाने तिकडे बसून पाहावा आणि गाडी पाठवावी. शेतकऱ्यांनाही दिसावा म्हणून बाजाराच्या शेडमध्ये मोठा टीव्ही. (आपल्या भागाचे नाव हल्ली पेपरात कोणत्या कारणाने येते ते तू जाणतोस. त्यामुळे कोणत्याही कामाला ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द जोडला की मंडप आणि पाहुणे आपोआप मिळतात. टीव्ही मात्र मंडळालाच घ्यावा लागला.) आणि फुफा जेवताना, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, ‘‘हे जमलं तर मी अकोल्याले तुया अब्बाले फोन लावतो.’’ फुफीने लगेच माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि निखत पाणी आणायला उठली. तांब्या भरलेला होता. फोन कशाबद्दल लावणार हे कोणी बोलले नाही, पण सगळ्यांना कळले. निखत म्हणजे त्यांची मुलगी, उर्दू शाळेत गणित शिकवते. (ती मला ‘भाई’ म्हणत नाही, ही गोष्ट मी पूर्वीच नोंदवून ठेवली आहे.)

तर अशा परिस्थितीत तंत्रज्ञान चुकले तर काय काय चुकेल, याचा विचार कर. म्हणून मी घाई केली नाही. आधी अमरावतीला जाऊन हरिहर सरांना भेटलो, ज्यांच्या क्लासमध्ये आपण दोघे सी भाषा शिकलो होतो आणि तुला ते आले होते. सरांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, जावा. जावाशिवाय मोठे काम उभेच राहत नाही. मला पटले. बाहेर येताना पाहिले तर जावाच्या बॅचला सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. पाचशे रुपये अनामत भरल्यावर त्या पाच झाल्या. मग अकोल्याला चुलतभाऊ गुलफामकडे गेलो. तो दुकानांत कॅमेरे बसवतो. तो म्हणाला, ‘‘डॉटनेट घे, आँख मूंद के.’’ काहून, असे विचारले तर म्हणाला, त्याची सीडी माझ्याकडे पडून आहे. परत येताना बसमध्ये एक मुलगा भेटला, बडनेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. त्याने सांगितले की आता सगळे नोडमध्ये होणार, बाकीचे सर्व मेले. नोड केव्हा निघाले, असे मी विचारले. दोन वर्षे झाली, म्हणाला. ज्याचे अजून दुधाचे दात पडायचे आहेत त्याच्या भरवशावर मी माझे लग्न कसे टाकावे?

शिवाय लाइव्ह म्हणजे काय, यातही दोन पंथ आहेत. एका पद्धतीत पान दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारते, काही नवीन आहे का? (नवी सून सासूला ‘काही करू का’ म्हणून विचारत राहते, तसे.) दुसऱ्या पद्धतीत पान एकदाच दार उघडून बसते आणि सर्व्हरकडे काही आले की तो आत टाकतो. दुसरी पद्धत रुबाबदार आहे, पण दार उघडे ठेवायला नेट सलग पाहिजे, आणि आपल्याकडे नेट आणि वीज यांचे एकमेकांशी बोलणे नाही. एक आली की दुसरे जाते. मी मोठ्या कागदावर तक्ता केला. उभ्या बाजूला पीएचपी, जावा, डॉटनेट, पायथन, रुबी, नोड. आडव्या बाजूला वेग, किंमत, शिकायला लागणारा वेळ, अडले तर विचारायला माणूस आणि भारनियमनानंतर स्वतःहून उठते का. प्रत्येक घराला दहापैकी गुण दिले. बेरीज केली तर पीएचपी आणि पायथन यांना सारखे गुण पडले. मग आणखी एक रकाना वाढवला, तर तिघांना सारखे पडले. निखत तक्ता पाहून म्हणाली की रकाने असेच वाढवत गेलास तर शेवटी सगळे पास होतील.

याच दरम्यान मंडळाचे व्यापारी एकेक करून मला भेटू लागले. पहिले फुफाच. म्हणाले, सगळ्यांचे भाव दिसू दे, फक्त आपल्या अडतीचा तेवढा झाकून ठेव. यात अवघड काही नाही, एक खूण केली की झाले. दुसऱ्या दिवशी वामनराव आले, ते मंडळाचे सेक्रेटरी. त्यांचेही तेच, सगळ्यांचे दाखव, आमचा सोडून. असे चौदाच्या चौदा येऊन गेले, प्रत्येक जण दार लोटून घेऊन हळू आवाजात बोलला, आणि प्रत्येकाने जाताना बजावले की हे कोणाला सांगू नको. मी कोणालाही सांगितले नाही. फक्त खुणा केल्या आणि पान उघडून पाहिले. कोरे होते. केदार, काहीही न दाखवण्यासाठी कोणते तंत्रज्ञान सर्वांत वेगवान, हा प्रश्न मी दोन इंग्रजी फोरमवर टाकला, पण तिकडे लोकांनी माझी थट्टा केली. फुफांना विचारले तर म्हणाले, ‘‘ते मंग पाहू. तू सुरू तं कर.’’

तेव्हा तात्पुरते म्हणून पीएचपीमध्ये पान उभे केले आणि ते हलताना कसे दिसते हे तपासायला प्रोग्रामचा एक छोटा तुकडा लिहिला. तो बारा हजार ते पंधरा हजार यांमधला कोणताही आकडा मनाने उचलतो आणि टनाचा भाव म्हणून दाखवतो. ही तपासणीची नेहमीची रीत आहे, तूही करत असशील. मी तर पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘नमुना’ असेही लिहिले. मनाशी ठरवले होते की उद्घाटनाच्या दिवशी हा तुकडा बंद करायचा, खुर्ची टाकून बाजारात बसायचे, भाव कानावर पडला की टाइप करायचा.

आता माझी चूक सांगतो. आपण अकोल्याची पोरे. तिथे धान्याचा हर्रास कसा होतो ते तू पाहिलेच आहेस. बोली इतकी मोठ्याने चालते की रस्त्यावरच्या माणसालाही तुरीचा भाव कळतो. संत्र्याचाही तसाच होत असणार, असे मी धरून चाललो. डेटा कसा ठेवायचा, कसा पाठवायचा, कसा सजवायचा, सगळे पाहिले. तो मुळात येतो कसा, हे पाहायला पहाटे बाजारात एकदाही गेलो नाही. गेल्या सोमवारी उद्घाटन झाले, पाहुण्यांनी टीव्हीला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, आणि मी कान टवकारून खुर्चीवर बसलो. बाजारात चिडीचूप. व्यापारी येतो, शेतकऱ्याचा हात हातात घेतो, दोघांच्या हातांवर रुमाल टाकतो आणि आत बोटे दाबतो. शेतकरी मान हलवतो. पुन्हा बोटे. मग रुमाल काढून व्यापारी पुढच्या ढिगाकडे. एक अक्षर नाही! इथे भाव बोलत नाहीत, तो बोटांनी सांगतात, आणि तो त्या दोघांशिवाय तिसऱ्याला कळू नये एवढ्यासाठीच तर रुमाल असतो. मी चार ढीग फिरलो. एका रुमालाखाली वाकून पाहण्याचा प्रयत्न केला तर वामनरावांनी माझ्याकडे असे पाहिले की मी खाली पडलेले संत्रे उचलल्याचे नाटक केले.

टीव्ही कोरा. पाहुणे चहा पिऊन टीव्हीकडे पाहत होते, फुफा माझ्याकडे पाहत होते. तेव्हा मी, निव्वळ पान कसे दिसेल ते दाखवण्यासाठी, तो तपासणीचा तुकडा सुरू केला. कोपऱ्यात ‘नमुना’ लिहिलेले होतेच. पण त्या कोपऱ्यावर बरोबर झेंडूचा हार होता.

पडद्यावर आकडा आला, चौदा हजार तीनशे. खाली तारीख, वेळ, सेकंदांसकट. सगळा बाजार वळून पाहू लागला. तेव्हा फुफांच्या रुमालाखाली खुशालराव म्हणून टेंभुरखेड्याच्या बागाईतदाराचा हात होता. त्यांनी टीव्हीकडे पाहिले, फुफांकडे पाहिले आणि हात काढून घेतला. चारचौघांत म्हणाले, ‘‘सेठ, टीव्ही चौदा म्हून राह्यला, तुमी अकरावर काहून अडून बसले?’’ झाले. मिनिटभरात बाजारातले सगळे हात रुमालाच्या बाहेर. प्रत्येक व्यापाऱ्याला वाटले की बाकीच्या तेरांपैकी कोणीतरी चौदाने घेतला आणि आपल्याला सांगितले नाही. एकमेकांना विचारण्याची तर सोय नाही. वामनरावांनी सर्वांत आधी चौदाने ढीग उचलला, त्यांच्या मागून बाकीच्यांनी. म्हणजे मी मनाने काढलेला आकडा अर्ध्या तासात खरा झाला. मी तुकडा बंद करायला धावलो तर तेवढ्यात वीज गेली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम बरोबर वेळेवर संपला असे त्यांना वाटले.

संध्याकाळी मी फुफांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितले की तो आकडा खोटा होता. फुफा संत्रे सोलत होते. म्हणाले, ‘‘मले मालूम हाये, बाबू. माह्या शेजारच्या माणसानं काय भाव देला ते मी त्याच्या कोपरावरून वयखतो. चौदाचं कोपर आज बाजारात एकाचंबी नोतं.’’ मग अर्धे संत्रे माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘उद्या सोळा कर.’’ तेव्हा मला समजले. फुफांनी यंदा आठ बगिचे फुलावर असतानाच उक्ते घेऊन ठेवले आहेत, स्वस्तात. त्यांना बाजारात घ्यायचा माल थोडा आणि विकायचा भरपूर. आकडा जितका वर, तितका दिल्लीवाला जास्त मोजणार. अकरावर अडणे ही त्यांची नुसती सवय होती. पुढे म्हणाले, ‘‘अकोल्याचा फोन मी सुक्रवारी लावतो,’’ आणि साल टोपलीत टाकली.

केदार, त्या रात्री मी ‘सोळा करावे की करू नये’ याचा तक्ता करायला बसलो, पण एकाच घरात सगळे गुण जात होते. निखत अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. तिला सगळे सांगितले. वाटले होते, रडेल किंवा म्हणेल की अब्बांचे ऐक. ती उशीची खोळ झटकत म्हणाली, ‘‘उद्या अब्बांसाठी सोळा करशील. परवा त्यांना माल घ्यायचा असला तं नऊ करशील. मंग घरात भाजी किती रुपयाची आणली हे मी तुले विचारू का अब्बाले?’’ आणि आत गेली. (‘घरात’ कोणत्या घरात, हे विचारायचे माझ्या लक्षातच आले नाही. पाऊण तासाने आले.)

मंगळवारी मी तुकडा पुसून टाकला आणि फुफांना तसे सांगितले. तेव्हापासून ते माझ्याशी फुफीमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असतो आणि ते म्हणतात, ‘‘आबेदा, उसको बोलो, दाल उधर सरकाए.’’ फुफी मला सांगते, मी डाळ सरकवतो.

कोऱ्या टीव्हीला लोक हसू लागले. मग विचार केला की रुमालाखाली दोन हात असतात. व्यापाऱ्याचा भाव लपवण्यात फायदा आहे, शेतकऱ्याचा नाही. शेतकरी तर बाजारातून निघून पहिल्या टपरीवर चहा घेताना भाव सांगतोच. मग तोच भाव त्याने मोबाइलवरून मला मेसेज केला तर? डोंगलमध्ये सिम घातले, आलेला मेसेज वाचून भाव पानावर टाकणारे चार ओळींचे काम पीएचपीत केले आणि एकाच ढिगाचा भाव दोघांनी सारखा कळवला तरच तो दाखवायचा, असा नियम घातला. (घेणारा व्यापारी कळवणार नाही, पण शेजारच्या ढिगावरचा शेतकरी सौदा झाल्यावर भाव विचारतोच, तो दुसरा.) टीव्हीवरचा हार काढला आणि झाकायच्या चौदाही खुणा पुसल्या. नंबर मोठ्या अक्षरांत शेडमध्ये लावला. बुधवारी पहिला मेसेज खुशालरावांचा आला, मुनव्वर सेठ, साडेअकरा. पाठोपाठ दुसरा, तोच आकडा. मग बाकीच्या अडतींचे, साडेबारा, बारा आठशे, तेरा. पडद्यावर चौदा नावे आणि सर्वांत खाली माझ्या स्वतःच्या फुफांचे. ज्यांचे मीठ खातो त्यांना मी भर बाजारात चौदावे केले होते.

गुरुवारी फुफांच्या रुमालाखाली कोणी हात देईना. एक म्हातारे गृहस्थ तर रुमाल पाहून म्हणाले, ‘‘तो राहू द्या खिशात, आमी वाचून आलो.’’ शुक्रवारी फुफांनी तेराने माल घेतला. अकोल्याचा फोन झाला नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी सिमवर एक मेसेज आला, ‘वामनराव, बारा सातशे, कोपर पाहिले.’ नंबर फुफांचा होता. शनिवारी वामनरावांच्या नंबरावरून फुफांचा भाव आला. आता चौदाही जण इतरांचे भाव कळवतात, फक्त आपला सोडून, आणि त्यामुळे पान सकाळी सातपर्यंत भरून जाते. खोटे कळवायलाही कोणी धजत नाही, कारण दुसरा जुळला नाही तर ते दिसतच नाही.

तर आता तू शांतपणे सांग. हे वाढत गेले, मोसंबीवाले आणि परतवाड्याचे लोकही आले, तर पीएचपी पेलेल का, की नोडकडे जावे? पान दर तीस सेकंदांनी विचारते ते चालेल का? तुझ्या उत्तराची मी दाराकडे पाहत वाट पाहतो आहे. काकूंना माझा सलाम सांग, गुडघ्याला तिळाचे तेल लावत जावे.

तुझा,
शाकीब

ता. क. – वरील प्रश्नाचे उत्तर दिले नाही तरी चालेल. पीएचपीच ठेवणार आहे. वीज आल्यावर त्याला उठवावे लागत नाही.

ता. क. दुसरा – पत्र ज्यासाठी लिहायला घेतले ते राहूनच गेले. फुफी म्हणते की फुफा एक-दोन दिवसांत तुला फोन करणार आहेत. या कामाचा माणूस पुण्यात महिन्याला किती कमावतो, हे विचारायला. तुझ्या शब्दावर त्यांचा भरवसा आहे. तेव्हा कृपा करून आकडा थोडा वरचा सांग. फार नको, पाच-सात हजारांनी. कोण तपासायला येणार आहे?

ता. क. तिसरा – सोमवार सकाळ. काल पोस्ट बंद होते म्हणून पत्र पेटीवर राहिले आणि निखतने वाचले. दुसऱ्या ता. क.वर तिने काट मारली होती, ती मी खोडली, कारण तुला काय लिहिले होते ते तुला कळायला पाहिजे. फोन आला तर खरा आकडा सांग. तशी आता गरजही नाही. तिने माझ्याकडून माझा खरा हिशेब लिहून घेतला आणि चहाबरोबर फुफांसमोर ठेवला. फुफांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि फुफीमार्फत न देता सरळ माझ्या हातात परत दिला. त्याची नक्कल खाली करतो. शेवटची ओळ माझी नाही. ती त्यांनी पेन्सिलने लिहिली आहे.

खर्च –
वेबसाइटची जागा व नाव, एक वर्ष: रु. २,४००
डोंगल व सिम: रु. १,४५०
एसटी, अमरावती व अकोला: रु. ३८६
जावा बॅचची अनामत (परत मिळत नाही): रु. ५००
झेंडूचा हार: रु. ६०
एकूण: रु. ४,७९६
मंडळाकडून मिळाले: रु. १,५००
देणे, केदार (दिवाळीनंतरचे उसने): रु. २,४००
देणे, फुफी: रु. ८९६
जवळ शिल्लक: काही नाही.

निकाहाचा खर्च याच्यात धरला नाही. तो मी पाहीन.